परसातलं तळं, अमळनेर : एप्रिल 2024 ते जून 2025

14 एप्रिल 2024 : जागा

मागच्या अंगणात तळं करायचं नक्की झालं. रंगीत माशांचं नाही, कारंज्याचं नाही. बेडूक, चतुर, टाचण्या (चतुराचेच सडपातळ भाऊबंद), पाखरं यांच्या कामी येईल असं. पंप नको, विजेचं बिल नको, निळी टाइल तर मुळीच नको.

जागा दोन होत्या. पहिली कडुनिंबाखाली. दिवसभर सावली म्हणून घरातल्या सगळ्यांची पसंती तिलाच. पण हा कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगावरची सगळी पानं झाडतो. एवढा पाला पाण्यात कुजला की पाणी काळं पडतं, कुजताना त्यातला प्राणवायू संपतो, आणि ते नेमकं उन्हाळ्याच्या तोंडावर. शिवाय खणताना मुळं तोडावी लागणार. ती जागा बाद.

दुसरी जागा पश्चिमेच्या कंपाउंड भिंतीला लागून. सकाळचं ऊन भरपूर, आणि दुपारी तीननंतर भिंतीची सावली पुढे सरकत येते. खान्देशात मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, तेव्हा ही उतरत्या दुपारची सावलीच कामाची. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणजे पाण्यातल्या जिवांना त्याची गरज जास्त असते तेव्हाच तो कमी मिळतो.

आकार लांबट गोल, 3.2 मीटर बाय 2.2 मीटर. चुना टाकून आखणी केली. उत्तरेच्या टोकाला साधारण एक चौरस मीटरचा खोल भाग, 75 सेंटिमीटर. बाकी सगळं उथळ, 15 पासून 35 सेंटिमीटरपर्यंत. पूर्वेची कड चालत उतरता येईल इतकी सपाट उताराची. पाण्यात पडलेली खार, सरडा, बेडकाचं पिल्लू यांना बाहेर यायला तीच वाट. उभ्या कडेचा हौद जनावराला सापळाच होतो.

शेजारची लहान पोरं दिवसभर आमच्याकडेच असतात. म्हणून खोल भागावर पाण्याच्या पातळीखाली बोटभर वेल्डमेशची जाळी दगडांवर टेकवून बसवायची. यावर घरात चर्चा झाली नाही, ते ठरलेलंच होतं.

21 एप्रिल : खोदाई

टिकाव, पहार, घमेली. दोन गडी आणि मी. वरची काळी माती या दिवसांत दगडासारखी. भेगा इतक्या रुंद की आत हात जावा. दीड फुटाखाली मुरूम लागला आणि काम सोपं झालं.

काळ्या मातीत छोटा सिमेंटचा हौद टिकत नाही, हे इथे प्रत्येक गवंड्याला माहीत आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यात बसवलेलं कडक बांधकाम वर्षा-दोन वर्षांत तडकतं. मायने सुचवलं, “धाब्यावर टाकतात ती खारी माती आणा, चोपून बसवा.” सल्ला वाऱ्यावरचा नाही. आपल्याकडच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांवर ती माती पिढ्यान् पिढ्या पाऊस अडवत आली आहे. अशा चोपण मातीत सोडियम जास्त असतो. ओली झाली की तिचे बारीक कण सुटे होतात, छिद्रांत जाऊन बसतात, आणि पाणी खाली जायची वाट बंद होते. पण धाब्याची माती दरवर्षी नव्याने टाकावी, चोपावी लागते, आणि माझ्या तळ्याचा उथळ भाग तर उन्हाळ्यात कोरडा पडणार. पुन्हा भेगा, पुन्हा चोपणं. इतकी उमेद माझ्यात नाही.

मग शेततळ्यात अंथरतात तो प्लास्टिकचा कागदच घ्यायचा. 500 मायक्रॉनचा. लवचीक असतो, माती हलली तरी तो तिच्याबरोबर हलतो. हिशोब सरळ आहे : लांबीत आणि रुंदीत खोलीच्या दुप्पट मिळवायची, आणि दोन्ही कडांना एकेक फूट. म्हणजे 5.3 मीटर बाय 4.3 मीटर. पारोळा रोडवरच्या एका शेतकऱ्याकडे शेततळं करून उरलेला तुकडा होता, भाव करून आणला.

खणलेली वरची माती वेगळ्या ढिगात ठेवली आहे. तिच्यात वर्षानुवर्षांचं शेणखत मुरलेलं. पिकाला सोनं, तळ्याला नको. त्यातलं नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरलं की पाणी हिरवंगार होतं. तळ्यात घालायला खालचा मुरूम आणि धुतलेली वाळू.

संध्याकाळी शेजारचे नाना कट्ट्यावर येऊन बसले. बराच वेळ खड्ड्याकडे बघून म्हणाले, “मच्छरेसले आवतन दी ऱ्हायना का भाऊ?”

10 मे : अखाजी (अक्षय्य तृतीया)

काम बंद. माहेरवाशिणी आल्या आहेत, कडुनिंबाला झोका बांधला आहे. आलेल्या प्रत्येकीने खड्डा पाहून वेगळा अंदाज केला : सेप्टिक टँक, केळीचा खड्डा, पोरांचा स्विमिंग पूल. आत्याने विचारलं, “पाणी कोठून आणशील रे बाबा?” या घोळक्यातला खरा प्रश्न तेवढाच. नळ चार दिवसांआड, आणि आम्ही तळी खणतोय.

19 मे : लेव्हल आणि कागद

चारी बाजूंची कड एका पातळीत हवी, नाहीतर एकीकडून पाणी वाहतं आणि दुसरीकडे कागद उघडा पडतो. गवंड्याची पाण्याने भरलेली लेव्हलची नळी याला पुरते. दक्षिणेची कड चार बोटं उंच निघाली, ती तासली. पूर्व कडेच्या एका जागी मुद्दाम दोन बोटं खाली ठेवली. जास्तीचं पाणी तिथून निघून केळीच्या आळ्यात जाईल, आळ्यात अळूचे कंद लावले आहेत.

खड्ड्यातले टोकदार खडे वेचले. त्यावर वाळूचा थर, वर खताच्या रिकाम्या गोण्या आणि जुनी गोणपाटं. मग कागद. दुपारच्या उन्हात तासभर पसरून ठेवला की मऊ पडतो, कोपऱ्यात नीट बसतो. फार ताणायचा नाही, चुण्या पडू द्यायच्या. वजन आलं की त्या आपोआप बसतात.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं. कागदाचा एक इंचही उन्हाला दिसू द्यायचा नाही. ऊन प्लास्टिक कुजवतं, आणि उघडा काळा कागद इतका तापतो की त्यावरून बेडूक चालू शकणार नाही. उथळ भागावर वीतभराला थोडा कमी असा मुरूम-वाळूचा थर, कडेला बोरी नदीच्या पात्राकडून आलेले जुन्या बांधकामातले गोटे, आडवे, एकात एक अडकवून. दगडांच्या फटी मुद्दाम सोडल्या. त्या फटी म्हणजे भेकांची, खरखरीत कातडीच्या बेडकांची, घरं.

गच्चीच्या पन्हाळाला पाइप जोडून तळ्यापर्यंत आणला. आता फक्त वाट बघायची. बोअरचं पाणी भरून “सुरू करून टाक” असा आग्रह होता. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरी पुटं चढतात. नव्या तळ्याची सुरुवात त्याने करायची नाही.

23 जून : पाणी

दुपारी साडेतीनला पाऊस सुरू झाला तो संध्याकाळी उघडला. मापात 38 मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. गच्ची 55 चौरस मीटरची, म्हणजे हिशोबाने दोन हजार लिटरला थोडं वर. पहिली दहा मिनिटं पाइप बाजूला ठेवला, कारण उन्हाळाभराची धूळ आणि पारव्यांची घाण त्या पाण्यात असते. तरी तळं काठाला चार बोटं कमी इतकं भरलं. टँकर नाही, नळ नाही, बोअर नाही. आत्याला फोन करून सांगितलं.

रात्री मागच्या शेतातल्या खोलगटातून मोठ्या बेडकांचा आवाज. नर या दिवसांत हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. हा आपला बैलबेडूक. याच्याच तंगड्या एकेकाळी परदेशात जायच्या. 1987 मध्ये भारताने ती निर्यात बंद केली. आपल्या तळ्यावर आज कोणी नाही. बाहेरून काही आणून सोडायचं नाही, हे ठरलेलं आहे. ज्याला यायचं तो येईल.

30 जून : वनस्पती

गावतळ्यातून हायड्रिला आणि सेराटोफायलम या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींचे झुबके, रोपवाटिकेतून कुमुदाचा एक कंद, वेखंड, आणि कडेच्या ओल्या पट्ट्यासाठी नीरब्राह्मी. घरी आणल्यावर सगळं परातीत तीन पाण्यांतून काढलं, कारण जलपर्णीचा एक तुकडा चुकून आला तर वर्षभरात तळं तिचंच. पाणकणीस कोणी फुकट दिलं तरी घ्यायचं नाही, त्याचे टोकदार कोंब कागद फोडतात. लव्हाळा न लावता येईलच.

7 जुलै : डास

अपेक्षेप्रमाणे अळ्या दिसल्या. नव्या पाण्यात डास पहिल्या आठवड्यात येतात. त्यांना खाणारे यायला अजून थोडा वेळ लागतो. मधला काळ नेटाने काढायचा. रोज सकाळी चहाची जुनी गाळणी काठीला बांधून कडेकडेने फिरवली. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात अळ्या उचलत राहिलं की साखळी तुटते.

आशाताई आणि आरोग्य सेवक तपासणीला आले. तळं बघून त्यांनी पिशवीत हात घातला, टेमेफॉस टाकायला. त्यांना बसवून चहा दिला आणि मुद्दा मांडला : ते औषध डासांच्या अळ्या मारतं, तसं पाण्यातल्या बाकीच्या किड्यांनाही मारतं. मग डास पुन्हा येतात आणि खाणारं कोणीच उरत नाही. गप्पी मासेही नकोत, ते अळ्या खातात तशी बेडकांची अंडी आणि चतुरांची पिल्लंही खातात. लागलंच तर बीटीआय या जिवाणूची पावडर वापरीन, ती डास आणि त्यांच्या अगदी जवळच्या माश्यांच्या अळ्यांपुरतीच. आरोग्य सेवक समजूतदार निघाला. पांढऱ्या पळीने चार ठिकाणचं पाणी घेऊन बघितलं, त्यात पाठीवर उलटे पोहणारे किडे होते. ते अळ्या धरून शोषतात, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं. “पुढच्या आठवड्यात परत बघतो, अळी दिसली तर टाकणार,” म्हणाला. मान्य.

मग ते नानांकडे गेले. नानांचा कूलर एप्रिलपासून भरलेला, आता बंद करून अंगणात ठेवलेला, आणि खालच्या टाकीत वीतभर पाणी. त्यात अळ्या वळवळत होत्या. डेंगीचा डास असल्याच भांड्या-टाक्यांत, टायरांत वाढतो. आठवड्याचा कोरडा दिवस पाळायचं भाषण नानांना उभ्याने ऐकावं लागलं. मी भिंतीच्या अलीकडेच थांबलो.

19 जुलै

हायड्रिलाभोवती गुंडाळलेल्या लांब पारदर्शक दोऱ्या, आत काळे मणी ओळीने. भेकाची अंडी. बेडकांची अंडी बहुतेक पुंजक्यात किंवा पाण्यावर पसरलेली असतात, अशी दोरी घालतो तो भेक. चार दिवसांत मणी लांबुळके झाले, मग वळवळू लागले. आता उथळ भागात काळ्या पिल्लांचा थवा आहे.

11 ऑगस्ट : कानबाई

खान्देशातला कानबाईचा सण, घर पाहुण्यांनी भरलेलं. तळ्याचा संबंध एवढाच की कोणीतरी प्रेमाने निर्माल्य आणून त्यात सोडायला निघालं होतं. फुलं, हळद-कुंकू, तेल, सगळं वेळीच टोपलीत वळवलं. तेलाचा एक तवंगही श्वास घ्यायला वर येणाऱ्या किड्यांना पुरतो.

2 सप्टेंबर : पोळा

पहाटे साडेपाचला अंगणात आलो. टॉर्चच्या उजेडात वेखंडाच्या एका पात्यावर, पाण्यापासून वीतभर वर, मातकट रंगाची चतुराची अळी चिकटलेली. पाठीवर उभी चीर पडलेली, आणि तिच्यातून चतुर जवळजवळ पूर्ण बाहेर. पंख अजून चुरगळलेले, दुधाळ, ओल्या कागदाच्या बोळ्याएवढे. रिकाम्या कातीच्या चिरेतून पांढरे बारीक दोरे लोंबत होते. त्या त्याच्या जुन्या श्वासनळ्यांची अस्तरं. पंखांत द्रव भरत गेला तसे ते ताणत गेले, आधी वर-खाली लहरी, मग सपाट. बराच वेळ पंख पाठीवर मिटलेले होते. मग ते एकदम खटकन उघडले आणि आडवे झाले. चतुर पंख मिटत नाहीत, टाचण्या मिटतात, असं आपण सांगतो. पण पहिल्या काही वेळापुरतं चतुरही मिटतो. दिवस उजाडताना पंख काचेसारखे झाले, अंग पिवळसर सोनेरी. थोडा थरथरला आणि भिंतीवरून गेला.

हा पँटाला फ्लेव्हेसेन्स, पावसाळ्यात खळ्यावर, मैदानावर थव्याने फिरतो तो. याची पिल्लं झपाट्याने वाढतात, कारण हा मुळात पावसाने साचलेल्या, आटून जाणाऱ्या पाण्यातला जीव. मालदीवमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने 2009 मध्ये मांडलं की हे चतुर भारतातून मालदीववरून हिंदी महासागर ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात. आमच्याकडचा कुठवर जातो कोण जाणे, पण निघाला दक्षिणेच्याच बाजूला, एवढं मी पाहिलं.

पात्यांवर आणखी काती सापडल्या. डब्यात जमवल्या आहेत. पोरांनी बैलांच्या शिंगांचा रंग सोडून त्या बघायला गर्दी केली.

15 ऑक्टोबर

पाऊस गेला, ऑक्टोबर हीट सुरू. केसाळ शेवाळाचे झुबके. काठीला गुंडाळून काढले, रात्रभर काठावर पसरून ठेवले म्हणजे त्यातले किडे परत पाण्यात उतरतात, मग सकाळी केळीच्या बुंध्याशी. औषध काही नाही. वेखंड आणि कुमुद वाढले की शेवाळाचं खाणं तेच खातील.

दिवड साप आला होता. बिनविषारी, बेडकांच्या मागे येणारच. वहिनींनी आरडाओरडा केला, नानांनी काठी काढली. काठी खाली ठेवायला लावली. दगडांभोवतीचं गवत मात्र कापून टाकलं, म्हणजे रात्री पाय कुठे पडतो ते दिसेल.

29 डिसेंबर

कडक थंडी. हालचाल नाही. हतनूर धरणावर बदकं बघून आलेले मित्र चहाला थांबले आणि आमच्या काठावर शेपटी हलवत फिरणारा एकुलता एक परीट पक्षी बघून हसले. वंचक बगळा एकदा येऊन गेला.

16 मार्च 2025

पानगळ. पाण्यावरची पानं रोज जाळीने काढणं. पातळी वीतभर उतरली आहे, पूर्वेचा उतार उघडा पडू लागला. घरातून सूचना : “भर ना पाणी, कसं भकास दिसतंय.”

20 एप्रिल : पाणी घालायचं की नाही

तळ्यात रंगाच्या खुणा केलेली काठी रोवली आहे. या आठवड्यात रोज सरासरी एक सेंटिमीटर उतरतंय. पूर्ण भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग साडेपाच चौरस मीटर, म्हणजे ते भरलेलंच ठेवायचं तर रोज 55 लिटर. जवळजवळ चार बादल्या. ज्या गावात नळ चार दिवसांआड येतो तिथे कोणाला तोंड दाखवून घालणार?

पण प्रश्न फक्त लाजेचा नाही. तळ्याविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतेक विलायती हवेतलं असतं, बारमाही रिमझिम गृहीत धरलेलं. तिथे तळं आटलं म्हणजे काहीतरी बिघडलं. आपल्याकडचं पाणी असं वागतच नाही. बोरी, पांझरा, गिरणा उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात. बैलबेडूक चिखलात खोल जाऊन पडून राहतो. गोगलगाई कवचाचं दार लावून घेतात. जलपिसवा, पाण्यातले ठिपक्याएवढे जीव, टणक अंडी टाकून मरतात, ती कोरड्या गाळात थांबतात. पँटाला तर पाणी आटायच्या आत निघून गेलेला असतो. हे सगळे जीव आटण्याच्या हिशोबानेच घडलेले. मग माझ्या तळ्याने मे महिन्यात जूनसारखं दिसायचा हट्ट का करायचा?

शिवाय वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागे राहतात. वरून बोअरचं पाणी घालत राहिलो तर प्रत्येक बादलीबरोबर आणखी क्षार. मेअखेर ते मचूळ होईल. तळं आटू दिलं आणि जूनमध्ये पावसाने वाहतं झालं, तर क्षार ओव्हरफ्लोने धुऊन जातात.

म्हणून निर्णय : उथळ भाग कोरडा पडू द्यायचा. मुरमाचा थर त्यासाठीच घातला होता, कागद उघडा पडत नाही. खोल भाग तेवढा राखायचा. तो एक चौरस मीटरचा, त्याला दिवसाला दहा लिटर लागतात. एक बादलीसुद्धा नाही. नळ आला की प्रत्येक घरात माठातलं, हंड्यातलं शिळं पाणी ओतून देतात. आमचं आणि नानांचं मिळून ते पाणी आता तळ्याला. साठून राहिल्याने त्यातलं क्लोरीनही उडून गेलेलं असतं. आरओच्या नळीतून निघणारं पाणी मात्र नाही, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त.

11 मे

सकाळी नऊ ते अकरा मधमाश्या. खोल भागाच्या कडेचा एक गोटा अर्धा पाण्यात आहे, त्यावर ओलं गोणपाट टाकलं. त्याच्या काठावर दाटीवाटीने बसतात, सोंड गोणपाटात रोवून, पोट लयीत आत-बाहेर होत असतं. पाणी पोळ्यावर नेऊन पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. त्यांचा कूलर तो हाच. साध्या बादलीत त्या बुडतात, खरखरीत ओल्या काठावर बुडत नाहीत.

बुलबुल, सातभाई, होले, मुंगूस. उथळ भागात खपल्या धरलेला गाळ. मायला आता ते भकास वाटत नाही, कारण सकाळचा चहा ती तिथे घेते.

15 जून : दुसरं वर्ष

वळवाने थोडं, कालच्या पावसाने बाकीचं. तळं भरून केळीच्या आळ्यात वाहतंय. कोरड्या गाळातून माका आणि लव्हाळा वर आला होता, तो पाण्याखाली गेला. पाण्याचा पेला उजेडात धरला की टुणटुण उड्या मारणारे ठिपके दिसतात, जलपिसवा. डासांच्या अळ्याही आहेत, गाळणी बाहेर काढली. आशाताईंना आपणहून बोलावलं आहे, नानांनी कूलर पुसून गच्चीवर चढवला आहे.

करायची कामं : हायड्रिला खोल भागात फार दाटली आहे, निम्मी काढणं. ओव्हरफ्लोची खाच दगडांनी अरुंद झाली आहे, मोकळी करणं. जाळीच्या एका कोपऱ्याला गंज चढलाय. उघाड पडली की वेल्डरला बोलावून तो तुकडा बदलायचा, तोवर पोरांना त्या बाजूला जाऊ द्यायचं नाही.